आवळ्याच्या दोन बरण्या

दांडिया बाजार, वडोदरा
३० जानेवारी

ती. आई-बाबांना सा. न.

सोबत दोन बरण्या आहेत. लाल झाकणाची बाबांची, पांढऱ्या झाकणाची आईची. अदलाबदल करू नका. बाबांच्या आवळ्याला थोडं सैंधव आणि जिरेपूड लावली आहे. आईच्या आवळ्याला फक्त आल्याचा रस. आई, तुझ्या बीपीच्या गोळ्या चालू असताना मीठ घालायला हात धजला नाही.

बाबा, दिवाळीत तुमच्या खुर्चीशेजारी बेदाण्याचा डबा आणि सुक्या किवीचं पाकीट पाहिलं. 'फळच आहे ना,' म्हणालात. त्या पाकिटाच्या मागे घटकांमध्ये साखर छापलेली होती. ती किवी पाकात मुरवून वाळवलेली. आणि बेदाण्याचं तर तुम्हीच मला लहानपणी तासगावच्या शेडमध्ये उभं करून सांगितलं होतं, चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा. उडतं ते पाणी, साखर सगळी आतच राहते. द्राक्षांचा घोस तुम्ही साखरेच्या धास्तीनं कधीच सोडलात. डब्यातली मूठ म्हणजे तोच घोस आहे हो.

म्हणून आवळा. मुळातच साखर कमी. उत्तरायणाचे दोन दिवस इथे गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते, ते उलटल्यावर खंडेराव मार्केटातून दोन किलो आणले. दहा मिनिटं वाफवले, फोडी आपोआप सुटल्या. बिया काढून मलमलीवर पसरल्या, वर दुसरी मलमल, आई तुझ्या वाळवणासारखीच. चार उन्हं दिली. बरणीत भरल्यावर तिसऱ्या दिवशी काचेला आतून दमटपणा दिसला. तशाच राहिल्या असत्या तर बुरशी आली असती, म्हणून परत एक दिवस उन्हात. आता आठवडाभर रोज हलवून पाहिलं, काच कोरडी आहे. वाफेनं आणि उन्हानं 'क' जीवनसत्त्व थोडं जातंच, तेव्हा ताजा आवळा मिळेल तोवर जेवणात खातच जा.

चिकूही वाळवले होते. फार गोड झाले, ते नाही पाठवत.

बाबा, चहानंतर चार-पाच फोडी, बस. कवळीला चिवट लागल्या तर रात्री वाटीभर पाण्यात टाकून ठेवा. आई, चमचा कोरडाच घाल. बरण्या पोचल्या की फोन करा, आणि तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा काय आला तोही सांगा.

तुमची
ताई