रुमालाच्या रंगावरनं पोरांची यादी करू नका

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात शहराच्या पानावर पार्क चौकातल्या पोरांचा फोटो छापला तुम्ही, डोक्याला निळे रुमाल, बोटं वाकडी करून 'सी'ची खूण, आणि वर हेडिंग की अमेरिकन गँगचं लोण सोलापुरात. बातमीत लिहिलंय की लॉस एंजेलिसच्या दोन वैरी गँगांपैकी निळा रंग ब्लड्सचा आणि लाल क्रिप्सचा. उलटं आहे ओ साहेब. निळा क्रिप्सचा, लाल ब्लड्सचा, आणि ती 'सी'ची खूण पण क्रिप्सचीच. एवढंच असतं तर दोन ओळीत पत्र संपवलं असतं, पण दोन दिवसांनी एका वाचकाचं पत्र आलं की असले रुमालवाले दिसतील तिथं पोलिसांनी नावं लिहून घ्यावीत, आणि ते वाचून मात्र राहवलं नाही.

माझं नवी पेठेत टॉवेल-रुमालाचं दुकान आहे. पोरं येतात, मोबाईल पुढं करतात, काका असला डिझाईनवाला दाखवा. निळा संपला असला तर लाल घेऊन जातात. लॉस एंजेलिसमध्ये अशी अदलाबदल केली असती तर जीव गेला असता. मी एकाला विचारलं कुठली गँग रे तुझी, तर म्हणाला गँग कसली ओ, रील आहे. त्याला बिचाऱ्याला माहीतच नाही आपण कुणाची खूण करतोय, आणि बातमी लिहिणाऱ्यालाही नव्हतं असं दिसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

क्रिप्स निघाले १९६९ च्या सुमाराला, लॉस एंजेलिसच्या साऊथ सेंट्रल भागात. रेमंड वॉशिंग्टन नावाचा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा, त्यानं गल्लीतल्या पोरांची टोळी जमवली, आणि १९७१ ला स्टॅनली विल्यम्स, ज्याला टूकी म्हणायचे, तो आपल्या पोरांसकट येऊन मिळाला. आता त्याआधीचं बघा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यात काम मिळतं म्हणून दक्षिणेतनं कृष्णवर्णीय माणसं तिकडं गेली, पण ठराविक वस्तीच्या पलीकडं त्यांना कुणी घर देत नव्हतं, करारातच लिहिलेलं असायचं, आणि हद्द ओलांडली की गोऱ्या पोरांच्या टोळ्या मारायच्या. काळ्या पोरांचे पहिले क्लब त्या मारातनं वाचायला निघाले. १९६५ ला वॉट्स भागात दंगल झाली, ३४ माणसं मेली. मग कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथरसारख्या संघटना आल्या, पोरांना तिथं काहीतरी दिशा मिळत होती, पण त्यांच्या तिथल्या दोन पुढाऱ्यांना जानेवारी १९६९ मध्ये युनिव्हर्सिटीच्या आवारात गोळ्या घातल्या गेल्या. म्हणजे मोठी माणसं संपली, तुरुंगात गेली, पांगली, आणि मागं राहिली ती पोरं. वॉशिंग्टनला पँथरांचं आकर्षण होतं असं सांगतात, जाकीट त्यांच्यासारखं घातलं पण विचार काही अंगात आला नाही.

आणि मग कारखाने गेले. गुडइयर, फायरस्टोन, जनरल मोटर्सचा साऊथ गेटचा प्लांट, १९८० च्या आगेमागे एकामागून एक कुलपं लागली. हे सोलापूरकराला समजावून सांगायची गरज नाही. माझे वडील लक्ष्मी-विष्णूला होते, जुनी मिल, जाम मिल, नरसिंग गिरजी, सगळ्यांची गत आपण बघितलीय. पण दोन्हीकडं सारखंच घडलं असंही मी म्हणणार नाही. आपल्याकडं यंत्रमाग होता, बायकांच्या विड्या होत्या, त्यावर चुली पेटत्या राहिल्या, आणि मुख्य म्हणजे तिकडं बंदूक दुकानात मिळते. त्यात १९८० नंतर क्रॅक कोकेन, म्हणजे ओढायचं स्वस्तातलं कोकेन, आलं. शाळा सोडलेल्या पोराच्या हातात एकदम नोटा खेळायला लागल्या आणि कोपऱ्यावरच्या मारामाऱ्यांचं धंद्यावरच्या खुनात रूपांतर झालं.

ब्लड्स म्हणजे कुणी वेगळ्या मुलखातले नाहीत, तीच गल्ली, तीच माणसं. क्रिप्सचा मार खाऊन वैतागलेल्या छोट्या टोळ्या १९७२ ला एकत्र आल्या, त्यात लॉस एंजेलिसला लागूनच्या कॉम्प्टन गावातल्या पिरू स्ट्रीटवरची पोरं पुढं होती. समोरच्यानं निळा घेतला म्हणून यांनी लाल. निळा कुठनं आला याच्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत, एक अशी सांगतात की एक मेंबर निळा रुमाल वापरायचा, तो १९७३ ला मारला गेला आणि बाकीच्यांनी त्याच्यासाठी बांधायला सुरुवात केली.

पुढं खुणांचा जो कहर झाला तो वाचून हसावं की रडावं कळत नाही. ब्लड्सवाले भिंतीवर लिहिताना 'सी' अक्षरावर काट मारणार, क्रिप्सवाले 'बी'वर. ब्रिटिश नाइट्स नावाचे बूट होते, त्यावर बीके असं असायचं, तर क्रिप्सनी त्याचा अर्थ 'ब्लड किलर' असा लावून ते बूट डोक्यावर घेतले, कंपनीच्या मनातही नसेल. एकमेकांना क्रिप्स 'कझ' म्हणणार, ब्लड्स 'ब्लड'. शिकागोच्या गँगा तर वेगळ्याच, तिथं पाच टोकांचा तारा की सहा टोकांचा, टोपी डावीकडं कललेली की उजवीकडं, यावर माणसाचं खातं ठरायचं. तुमच्या बातमीत 'क्रिप्सचा म्होरक्या' असा शब्द आहे. असा म्होरक्या कुणी नाही. शेकडो गल्ल्यांची शेकडो टोळकी, त्यांना तिकडं 'सेट' म्हणतात, आणि निळ्या-निळ्यांत पण खून पडतात, रोलिन सिक्स्टीज आणि एट ट्रे या दोन्ही क्रिप्सच, १९७९ पासून त्यांचं वैर. त्याच वर्षी वॉशिंग्टनला गोळी घातली, पंचविसाव्या वर्षी गेला. टूकी विल्यम्सला चार खुनांबद्दल मृत्युदंडाची शिक्षा झाली, तुरुंगात बसून त्यानं लहान मुलांसाठी गँगच्या विरोधात पुस्तकं लिहिली, तरी डिसेंबर २००५ मध्ये विषारी इंजेक्शन देऊन शिक्षा अमलात आणलीच.

पसरलं कसं, तर थोडं धंद्यानं, थोडं घरं बदलल्यानं, थोडं तुरुंगातनं आणि बरंचसं नुसत्या नकलेनं. न्यूयॉर्कमधले ब्लड्स १९९३ ला रायकर्स आयलंडच्या तुरुंगात जमले, लॉस एंजेलिसचा थेट कारभार त्यांच्यावर नव्हता, नाव आणि लाल रंग तेवढा घेतला. अमेरिकेनं परत पाठवलेल्या पोरांबरोबर ते बेलीझला पोचलं, हॉलंडात हेग शहरात क्रिप्स नावाची टोळी झाली. मग गाणी आली, व्हिडिओ आले, आणि तो पायांचा नाच आला, क्रिप वॉक, जो आपली पोरं आता सात रस्त्यावर करतात. २०१२ ला सेरेना विल्यम्सनं लंडन ऑलिंपिकचं गोल्ड जिंकून कोर्टावर तोच नाच केला तर केवढी टीका झाली तिच्यावर. ती कॉम्प्टनलाच वाढलेली, आणि तिची बहीण २००३ ला त्याच कॉम्प्टनमध्ये गोळीबारात गेलेली. आता तिला तुम्ही गँगवाली म्हणणार का?

त्या वाचकांच्या मागणीकडं येतो. नावं लिहून घ्या म्हणतात. कॅलिफोर्नियात हे करून झालंय साहेब. पोलिसांची कॅलगँग नावाची कॉम्प्युटरवरची यादी, कपडे, गोंदण, हाताची खूण, कुणाबरोबर उभा होता, यावरनं नावं चढायची. २०१६ ला सरकारी ऑडिट झालं तेव्हा यादीत ४२ जण असे निघाले की नोंदीप्रमाणे त्यांचं वय यादीत घेताना एक वर्षसुद्धा पूर्ण नव्हतं! आणि त्यातल्या २८ जणांपुढं लिहिलेलं की यांनी स्वतः गँग मेंबर असल्याचं कबूल केलं. तान्ह्या लेकरानं कबुली दिली म्हणे. चूक नोंदीची असणार हे उघड आहे, पण असल्या नोंदीवर माणसाचं पुढचं आयुष्य लटकतं.

आणि ही मागणी सोलापुरातनं यावी याचं मला जास्त वाईट वाटतं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, आपल्याच शहरात त्यांना तारेच्या आत ठेवलं, हजेरी घेतली. सेटलमेंट हे नाव आजही रिक्षावाल्याला सांगितलं की तो बरोबर नेऊन सोडतो. १९५२ ला देशातनं तो कायदा गेला, पण त्या वस्तीतल्या माणसाला नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना अजून काय वाटतं ते विचारून बघा एकदा. रुमाल बघून पहिली नावं कुठल्या वस्तीतल्या पोरांची लिहिली जातील हे मला सांगायला नको, बंगल्यातल्या पोरानं तोच रुमाल बांधला तर ती फॅशन.

मी रुमाल विकतो म्हणून बोलतोय असं कुणी म्हणेल. म्हणू दे. एका रुमालात असं काय सुटतं, आणि बंदी आली तर मी पांढरे विकीन. तलवारीनं केक कापणारे, कोयता घेऊन फिरणारे, त्यांना जरूर धरा, त्याला आर्म्स अॅक्ट आहेच, तिथं पोलीस ढिले पडतात तेव्हा मात्र कुणाचं पत्र दिसत नाही.

शाळाशाळांत या विषयावर व्याख्यानं ठेवणार असं ऐकतोय. ठेवा, कारखाने बंद पडले त्याचं सांगा, टूकी विल्यम्सचं सांगा, पंचविशीत मेलेल्या वॉशिंग्टनचं सांगा. फक्त फळ्यावर खुणांचा तक्ता लावू नका, सुट्टी व्हायच्या आत पोरं त्यावर रील काढून मोकळी होतील.

आपला,
एक टॉवेल-रुमालवाला,
नवी पेठ, सोलापूर