वणवा लागण्याआधी एकत्र बसू या : ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि चाकरमान्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

भात झोडून झाले, सड्यावरचे, म्हणजे वरच्या कातळी पठारावरचे, गवत पिवळे पडू लागले. पुढे काय होते ते आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. पालखी घरोघर फिरत असते आणि वर डोंगर पेटलेला असतो. यंदा आग लागल्यावर धावाधाव करण्याऐवजी आधीच लिहीत आहे.

आजवर ज्यांच्या जिवावर निभावले त्यांची आठवण पहिल्यांदा. खालच्या वाडीतल्या काकींनी स्वतःच्या काजूच्या बागेतून जाळरेषा, म्हणजे आग अडावी म्हणून गवत साफ केलेला पट्टा, काढू दिली, झाडांच्या फांद्या गेल्या तरी चकार शब्द काढला नाही, वर राबणाऱ्यांना दोन्ही वेळची पेज घातली. गिरणीतून निवृत्त झालेल्या आपल्या दादांनी फंडाच्या पैशातून पालापाचोळा वाऱ्याने उडवणारा पहिला ब्लोअर घेऊन दिला. नाव छापायचे नाही असे त्यांनी बजावले आहे, म्हणून छापत नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेच्या गुरुजींनी मोठ्या मुलांना घेऊन अख्ख्या डोंगराचा नकाशा काढला. पाणंदी, झरे, गवताच्या उडव्या, गोठे, सगळे त्यात आहे आणि तो आजही ग्रामपंचायतीत लावलेला आहे. आणि गुराख्या आजोबांनी जे शिकवले ते कुठल्या पुस्तकात मिळाले नसते : दुपारी खारा वारा सुटला की आग चढणीला धावते, तेव्हा तिच्या तोंडावर जायचे नाही, बगलेने झोडपत यायचे, आणि रात्री वारा पडला की तिला कोंडायचे. त्याच वर्षी पलीकडच्या डोंगरावरून आलेला वणवा आपल्या रेषेवर येऊन थांबला आणि देवराई वाचली. ते आपल्या गावाने केले, याचा मला आजही अभिमान वाटतो.

मागच्या उन्हाळ्यात मात्र हिरव्या डहाळ्या घेऊन नेहमीचीच मंडळी धावली. बैठकीसाठी अंथरलेल्या सतरंज्या तशाच गुंडाळाव्या लागल्या. ज्यांच्या कलमांसाठी पोरांनी हात भाजून घेतले, त्यांच्यातल्या काहींनी नंतर साधी विचारपूसही केली नाही. हे मनाला लागले आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

आपल्या जिल्ह्यात सरकारी जंगल फार थोडे. डोंगर बहुतेक खासगी मालकीचे. वन खाते आपल्या हद्दीत रेषा काढेल, तुमच्या माझ्या डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाही. उपग्रहावरून वणव्याची सूचना मोबाइलवर येते, भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे त्यासाठी नाव नोंदवता येते, ते आपण करूच. पण उपग्रह डोक्यावरून जाईपर्यंत सड्यावरचे गवत जळून राख झालेले असते. केंद्र सरकारच्या 2018 च्या वणवा कृती योजनेतही गावकऱ्यांच्या सहभागावर भर आहे. तो सहभाग म्हणजे नुसते विझवायला बोलावणे नव्हे. रेषा कुठून जाईल, तरव्याची भाजावळ (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन भाजणे, म्हणजेच राब) कोण कोणत्या दिवशी करणार, पाणी कुठे भरून ठेवायचे, हे ठरवताना गवत कापणाऱ्या बायका, गुराखी, बागायतदार, सगळे समोर हवेत. राब भाजणाऱ्यांनाही दोष द्यायला बोलावत नाही. त्यांच्याशिवाय वेळापत्रक होणारच नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. सातबारावर नावे तीस-चाळीस, त्यातली निम्मी माणसे मुंबईत. त्यांच्या संमतीशिवाय आम्ही कोणाच्या जमिनीत कोयती लावू शकत नाही, आणि मधला एक तुकडा न बेणता, म्हणजे गवत-झुडपे साफ न करता, राहिला की दोन्ही बाजूंची मेहनत वाया जाते. म्हणून चाकरमान्यांकडे पहिले मागणे पैशांचे नाही, सहीचे आहे. सड्यावर मातीचा थर मुळात पातळ. गवत जळून गेले की पहिल्याच पावसात तो पऱ्याने (ओढ्याने) खाली जातो, आणि उन्हाळ्यात आपल्याच विहिरी आटतात. टिटवीची अंडी, साळिंदरे, मोहोरलेले काजू यांचे तर विचारूच नका.

बैठक पौष पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी 5 वाजता देवळाच्या सभामंडपात. रेषेचे काम पुढच्या रविवारपासून, सकाळी दव असताना, घरटी एक माणूस, कोयता आणि पाणी घेऊन. ब्लोअर दोन, ग्रासकटर एक, जाड बूट, हातमोजे आणि पेट्रोल यांसाठी निधी हवा. बागेतले फवारणीचे पंप तेवढ्यापुरते दिलेत तरी मोठी मदत. रोख देणाऱ्यांनी पावती घेतल्याशिवाय देऊ नये. खाते क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर, मुंबईकरांनी गावाच्या मुंबई मंडळाच्या खजिनदारांकडे द्यावे. हिशेब शिमग्याच्या सभेत वाचला जाईल. आग दिसली तर आधी वाडीतल्या प्रमुखाला फोन, मग 112.

आपला,
सचिव, ग्राम वणवा निवारण समिती

ता. क. संमतीपत्राचा कोरा नमुना मुंबई मंडळाकडे पाठवला आहे. सामायिक जमिनीसाठी प्रत्येक हिस्सेदाराची वेगळी सही लागेल, भावाने भावाच्या वतीने करू नये. बैठकीआधी गावी पोहोचतील अशा बेताने पाठवा.