उल्का नव्हे, लघुग्रह. आणि तारीख १४ एप्रिल

महोदय,

गेल्या रविवारच्या अंकात ‘महाकाय उल्का पृथ्वीच्या दिशेने’ असा मथळा होता. माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा. गोडाऊनवर झालर मोजत होतो, तर नवा कामाला लागलेला पोरगा पेपर घेऊन आला. “भाऊ, २०२९ ले सगळंच संपते म्हणे. मंग नव्या पाइपाईसाठी कर्ज कायले काढता?”

त्याला सांगितले तेच आपल्यालाही कळवतो. बातमी ज्या ‘अपोफिस’ची आहे, तो लघुग्रह, सूर्याभोवती ३२४ दिवसांत फेरी मारणारा खडक. आकाशात पेटून जाते ती उल्का, आणि जमिनीवर पडतो तो अशनी. आमच्या मेहकरपासून लोणार जवळच. आम्हाला तरी हा फरक कळायला हवा.

भीती मात्र अगदीच हवेतली नव्हती. १९ जून २००४ रोजी अमेरिकेतल्या किट पीक वेधशाळेतून थोलन, टकर आणि बर्नार्डी यांनी हा लघुग्रह शोधला. दोन रात्रींनी हातचा गेला, तो डिसेंबरात पुन्हा सापडला. तेव्हा २०२९ मध्ये धडकण्याची शक्यता वाढत वाढत २.७ टक्क्यांवर गेली. ते दिवस त्सुनामीचे, इकडे लक्ष कोण देणार! मग त्याच वर्षीच्या मार्चमधल्या जुन्या छायाचित्रांत तो सापडला, कक्षा नेमकी कळली आणि २०२९ चा धोका टळला. २०२१ च्या मार्चमध्ये रडारने पुन्हा मोजमाप झाले, तेव्हा किमान शंभर वर्षे धडक नाही हे नक्की झाले. आपल्या बातमीत यातले एक अक्षर नाही.

खडक लहान नाही. दोन दगड चिकटल्यासारखा, लांबी सुमारे ४५० मीटर. माझा सर्वांत मोठा मंडप १२० फुटांचा, तसे बारा ओळीने लावले तरी थोडा उरेल. जमिनीपासून साधारण ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. टीव्हीच्या छत्रीला सिग्नल देणारे उपग्रह ३६ हजारांवर असतात, म्हणजे हा त्यांच्याही आतून. युरोप, आफ्रिका, पश्चिम आशियातून नुसत्या डोळ्यांनी दिसेल. पृथ्वीच्या ओढीने त्याची कक्षाच बदलेल आणि पुढे त्याची फेरी वर्षापेक्षा मोठी होईल. मथळा द्यायचा तर याचा द्यायचा होता.

शेवटचे. आपण १३ एप्रिल छापले. ती तारीख तिकडची. आपल्या घड्याळाने तो सर्वांत जवळ येईल तेव्हा १४ एप्रिलची पहाट, सव्वातीनचा सुमार असेल. भीमजयंतीची रात्र! रात्री बाराला फटाके, मग सकाळच्या मिरवणुकीची तयारी; त्या वेळी मी आणि माझी पोरं दरवर्षी शिडीवरच असतो. तेवढी तारीख दुरुस्त करून छापावी. पाइपांचे कर्ज मी काढले आहे.

– एक मंडपवाला, मेहकर (जि. बुलढाणा)