पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानवाल्या दादांना, साताऱ्याहून

दादा,

तुमचं घड्याळ चालू झालं. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही "बरं बरं, ठेवतो, गिऱ्हाईक उभंय" म्हणता आणि आभार मानूच देत नाही. म्हणून चारचौघांत लिहितेय. नाव लिहू नको म्हणालात, तेवढं पाळते.

आमच्या अण्णांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान म्हणजे जिन्याखालची साडेतीन फुटांची जागा. त्यात एक टेबल, एक दिवा आणि भिंतीला टांगलेली शेकडो पाकिटं. चावीची घड्याळं, त्यातही एचएमटी, हा त्यांचा हातखंडा. काचबिंदूनं डोळे अधू झाले आणि आयग्लासचं भिंग लावूनही हेअरस्प्रिंग, म्हणजे घड्याळातली केसासारखी बारीक स्प्रिंग, दिसेना, तेव्हा माझ्या मावसभावानं त्यांना सूक्ष्मदर्शकासारखा कॅमेरा आणून दिला. त्याला स्वतःचा पडदा नाही, पाठीमागं फक्त एचडीएमआयचं तोंड. आम्ही घरचा ३२ इंची टीव्ही लावला. चित्र असं लख्ख, की अण्णांनी बॅलन्सच्या चाकावरची धूळसुद्धा मला दाखवली. मग चिमटा उचलला.

पाचव्या मिनिटाला त्यांनी तो खाली ठेवला. चिमटा जिथं असायला हवा तिथं पडद्यावर तो नव्हताच. थोड्या वेळानं तिथं पोचत होता, तोवर अण्णा पुढं गेलेले. एक हेअरस्प्रिंग गेली, मग दुसरी. "डोळे गेले होते, आता हातपण गेला," असं म्हणून त्यांनी दिवा बंद केला. त्यानंतर चार महिने दुकान उघडायचं ते फक्त सेल बदलायला आणि पट्टे विकायला.

मला वाटलं टीव्ही मोठा आहे, लांब आहे, म्हणून त्रास होतोय. टेबलावर मावेल असा छोटा एलसीडी लावून द्यावा म्हणून मी निघाले आणि तिथून माझी वरात सुरू झाली. पहिल्या दुकानदारानं पॅनल, म्हणजे नुसता उघडा पडदा, आणि त्याला चित्र पुरवणारा बोर्ड असा सगळा संच गळ्यात मारला. चित्र आलं, पण रंगांचे नुसते पट्टे. पितळेची चाकं जांभळट, डायल डागाळलेली. परत नेलं तर म्हणाला, "चित्र येतंय ना ताई? मग?" दुसऱ्याकडं गेले. त्यानं ना पॅनलची पाठ बघितली ना कागद, सरळ १२ व्होल्ट दिले. पडदा एकदा चमकला आणि गेला. वर "पॅनल आधीच खराब होतं" हे ऐकवून ३०० रुपये चेकिंगचे घेतले. तिसऱ्यानं पिशवीत हातही घातला नाही. म्हणाला, "नवीन मॉनिटर घ्या, असली खुडबुड कोण करतंय आता." दादा, मला राग पैशांचा नाही. तिघांपैकी एकानंही विचारलं नाही, की हे लागतंय कशाला.

तुम्ही विचारलंत. जेवणाचा डबा अर्धा सोडून विचारलंत, आणि उत्तर ऐकल्यावर म्हणालात, "मग तुम्ही एकट्या का आलात? ज्यांना लागतंय त्यांना आणा. कॅमेरा आणा, चिमटापण आणा."

पुढच्या मंगळवारी अण्णांना घेऊन आले. धो धो पाऊस, बुधवार पेठेत रिक्षा आत येईना, शेवटचं अंतर त्यांना धरून चालवलं. ते सबंध रस्ताभर म्हणत होते, "उगाच खर्च करतीयेस." तुम्ही त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवलंत, आणि पॅनलबिनल सगळं बाजूला ठेवून आधी शेजारच्या दुकानातला टीव्ही मागून आणलात. कॅमेरा त्याला जोडलात. कॅमेऱ्याखाली आपला मोबाईल ठेवलात, त्यावर स्टॉपवॉच पळतंय. आणि मला म्हणालात, "ताई, तुमच्या मोबाईलनं दोन्हींचा एकत्र फोटो काढा."

तो फोटो मी जपून ठेवलाय. मोबाईलवर ११.४२ सेकंद, टीव्हीवर ११.२६.

"काका, हात थरथरतोय का चित्र मागं राहतंय, ते तुम्हीच बघा."

अण्णा त्या फोटोकडं किती वेळ बघत होते! मग त्यांनी त्यांचा हिशेब केला, घड्याळजीचा. एचएमटीचं 'जनता' घड्याळ तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ५. एक ठोका ०.२० सेकंदाचा, आणि टीव्ही ०.१६ मागं. "म्हणजे जवळजवळ एक ठोका मागं चालतोय हा," ते म्हणाले. "हे घड्याळ असतं तर मी दुरुस्तीला घेतलं असतं." चार महिन्यांनी माणूस हसला, दादा. पडदा त्या दिवशी जोडला गेला नसता तरी मी हे पत्र लिहिलं असतं.

टीव्ही मागं का राहतो तेही तुम्ही त्यांना बरोबरीच्या कारागिराला सांगावं तसं सांगितलंत. आलेली चौकट, म्हणजे चित्राची एकेक फ्रेम, तो आधी साठवतो, ताणतो, नटवतो, आणि मग दाखवतो. काही टीव्हींत गेम मोड असतो, तो लावला की हे नटणंथटणं बरंच कमी होतं. आमच्यात ती सोय नाही, हे मी घरी येऊन तपासलं. आणि पहिल्या संचाचे रंग का बिघडले, त्याचं तुमचं उत्तर तर मी आता सगळ्यांना सांगत सुटलेय. एचडीएमआयमधून चित्र १०-१० बिटांच्या जुड्यांत येतं, पॅनलला ते ७-७ च्या जुड्यांत लागतं. मधला बोर्ड म्हणजे मंडईतली मावशी. जुड्या सोडायच्या, पुन्हा बांधायच्या. पण कुठली काडी कुठल्या जुडीत घालायची याच्या दोन रीती आहेत, आणि पॅनलला एक रीत हवी असताना बोर्डानं दुसरी धरली की मेथीत शेपू. चित्र दिसतं, रंग मात्र खुळे होतात. सेटिंगमधली एक ओळ बदलायची होती फक्त! त्या पहिल्या बहाद्दराला हे ठाऊक नव्हतं की उठायचा कंटाळा होता, देव जाणे.

बाकी काय काय केलंत ते मला धड कळलं नाही, आणि सगळं इथं लिहीतही नाही. १०.१ इंची, १२८० बाय ८०० चा पॅनल काढलात. कॅमेरा १२८० बाय ७२० वर ठेवलात, म्हणजे चित्र ताणायची गरजच उरली नाही. वर-खाली ४०-४० ओळी काळ्या राहतात. अण्णा म्हणतात, "राहू देत, डायललापण कड असतेच की." वीज देण्याआधी पॅनलच्या पाठीवरचा नंबर भिंगातून वाचलात, त्याचा कागद शोधलात, मल्टिमीटर लावलात. पुन्हा स्टॉपवॉच, पुन्हा फोटो. आता फरक ०.०५ सेकंद.

मजुरी ३५० सांगितलीत. मी ५०० ची नोट दिली तर १५० परत. त्याच वेळी एक कॉलेजचा पोरगा बोर्ड मागायला आला होता, त्याला रास्पबेरी पाय, म्हणजे तो तळहाताएवढा छोटा संगणक, जोडायचा होता. त्याला म्हणालात, "तुझ्या पायला रिबन केबलचं तोंड आहे, त्याला चालणारा छोटा पॅनल घे, हा बोर्ड तुला लागत नाही." हातातलं गिऱ्हाईक घालवलंत की हो! गल्लीत तुमच्यापेक्षा चकचकीत दुकानं कितीतरी आहेत, आणि तुमच्या पाटीवरची दोन अक्षरं गळून पडलीत. तरी माणसं रांग लावून उभी होती, ती का, ते त्या पोराचा चेहरा बघून कळलं.

निघताना पॅनलच्या पाठीवर जाड मार्करनं लिहिलंत: "३.३ व्होल्ट. १२ देऊ नये." मी विचारलं, आता कशाला? तुम्ही म्हणालात, "उद्या मी नसलो तर जो उघडेल त्याच्यासाठी."

आता कामाचं. तुमच्या खणात बंद पडलेलं जनता अण्णांनी मागून आणलं होतं, ते झालंय. मेन स्प्रिंग बदलली. हेअरस्प्रिंगला पीळ बसला होता, तो त्यांनी पडद्यावर बघत दोन रात्री बसून काढला. दिवसाला अर्धा मिनिट पुढं जातंय, अजून आठवडाभर बघून मग देतील. पैसे विचारू नका, त्यांनी आधीच ३५० सांगून ठेवलेत आणि त्यावर स्वतःच हसलेत. चावी रोज सकाळी एकाच वेळेला द्यायची, घट्ट लागली की थांबायचं. काच नवी घातलीय. पट्टा तेवढा बदललेला नाही. तो तुमच्या वडिलांच्या हातावरचा आहे, असं तुम्ही ओझरतं बोलून गेला होतात, ते अण्णांनी लक्षात ठेवलंय.

पुढच्या मंगळवारी घेऊन येते. डबा खाऊन घ्या तोवर.

तुमची,
घड्याळवाल्या अण्णांची मुलगी