पंपाच्या टायमरमधलं सूत्र गावाला वाचता आलं पाहिजे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यात मोटार रिवाइंडिंग आणि पॅनल दुरुस्तीचं काम करतो. किनाऱ्यालगतच्या नळपाणी योजनांवर हल्ली प्रोग्रॅम करता येणारे टायमर बसू लागले आहेत. वस्तू चांगली आहे. टाकीचा फ्लोट (पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होणारा स्विच), विहिरीतला सेन्सर, विजेचे फेज, वेळ हे सगळं बघून पंप कधी चालवायचा ते टायमर एका सूत्रावरून ठरवतो. माझं म्हणणं त्या सूत्राबद्दल आहे.

या उन्हाळ्यात एका वाडीतली जळलेली मोटार माझ्याकडे आली. टायमरमध्ये अट होती : ‘टाकी रिकामी किंवा मॅन्युअल स्विच चालू आणि विहिरीत पाणी’. वाचताना खटकत नाही. पण कंस नसला की ‘आणि’ आधी जुळतं, ‘किंवा’ मागाहून. म्हणजे टाकी रिकामी झाली की विहिरीत पाणी असो-नसो, पंप सुरू! मे महिन्यात टाकी आणि विहीर दोन्ही एकदमच तळ गाठतात. ‘(टाकी रिकामी किंवा मॅन्युअल स्विच चालू) आणि विहिरीत पाणी’, एवढ्या एका कंसाने मोटार वाचली असती.

दुसरं, खारी हवा. फ्लोटच्या आणि सेन्सरच्या वायरची टोकं हिरवी पडून तुटतात. ‘विहिरीत पाणी आहे’ हा सिग्नल मिळेल तेव्हाच पंप चालावा अशी जोडणी असेल, तर वायर तुटताच पंप थांबतो. ‘पाणी संपलं’ या सिग्नलला ‘नाही’ लावून सूत्र लिहिलं, तर तुटलेल्या वायरीवरही पंप चालूच राहतो. कागदावर दोन्हींचा अर्थ एकच, पण विहिरीवर एक मोटार वाचवतं आणि दुसरं जाळतं.

शिवाय समुद्राकाठी उपसा जास्त झाला की विहिरीत खारं पाणी सरकतं. म्हणून ‘विश्रांतीची वेळ नाही’, म्हणजे विहीर भरायला सोडलेल्या तासांत पंप चालू नये, ही अटही हवी. झरे भरायला किती तास लागतात हे वाडीतल्या जाणत्यांना विचारूनच ती घालावी. कोणी विचारत नाही. पासवर्ड टाकून ठेकेदार निघून जातो.

‘आणि-किंवा-नाही’चं हे गणित गणितज्ञ जॉर्ज बूल यांनी १८४७ मध्ये मांडलं, अभियंते क्लॉड शॅनन यांनी १९३७ च्या प्रबंधात ते रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) जोडणीला लावून दाखवलं. त्यात कोणा ठेकेदाराचं गुपित नाही. पॅनलच्या दाराला आतून सूत्र मराठीत लिहून चिकटवावं, पासवर्ड ग्रामपंचायतीकडे द्यावा आणि पाणीपुरवठा समितीसमोर एकेक फ्लोट हाताने उचलून, एकेक वायर काढून पंप थांबतो का ते दाखवल्याशिवाय बिल काढू नये.

आपला,
एक मोटार रिवाइंडिंग कारागीर,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग