कुंडीत खडे घालायला सांगू नका

मा. संपादक,

कालच्या पुरवणीतला बाल्कनीतल्या बागेचा लेख वाचला आणि खरंच चिडचिड झाली. कुंडीच्या तळाशी 2 इंच खडे घाला म्हणजे निचरा चांगला होतो, हे पुन्हा छापलंत. अहो, नाही होत! बारीक मातीतलं पाणी खाली जाड खड्यांत लगेच उतरत नाही, वरची माती पार गच्च होईपर्यंत तिथेच अडून राहतं, म्हणजे तळाशी जो चिखल राहिला असता तो 2 इंच वर मुळांपाशी येतो. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, गळायचा थांबला की उभा करा, आणखी पाणी गळेल. मातीची उंची जास्त तितका निचरा बरा, आणि तुम्ही ती उंचीच कमी करायला सांगताय.

मी हे असंच कुठेतरी वाचून केलं होतं. माझ्याकडे ऊन येणारी एकच खिडकी, तिथे मावते एकच 8 इंची कुंडी, त्यात खडे आणि वर टोमॅटोचं रोप. खालची पानं पिवळी पडली, मग रोप मान टाकायला लागलं, मला वाटलं तहानलंय म्हणून मी अजून पाणी घातलं. मुळं गुदमरली तरी रोप तहानल्यासारखंच मान टाकतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. उपटलं तेव्हा मुळं तपकिरी, बुळबुळीत, कुजका वास. फुलं आली होती हो त्याला. अंगणवाल्यांचं एक रोप गेलं तर दुसरं असतं, आमची तेवढीच बाग असते.

आणि वर "रोज दोनदा पाणी घाला". सरसकट असं कसं सांगता? बोट 2 इंच मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच घाला, एवढं एक वाक्य पुरलं असतं. टोमॅटोला निदान 12 इंच खोल, 15-20 लिटरची कुंडी आणि 6 तास ऊन लागतं, ते लेखात कुठेच नाही.

अजून एक, फोटोत मोठ्या कुंड्या कठड्यावर नुसत्या ठेवलेल्या दिसतायत. मातीची 20 लिटरची कुंडी भिजली की 25 किलोच्या वर जाते, वाऱ्याने खाली कुणाच्या डोक्यात पडली तर? तो फोटो ऑनलाइन आवृत्तीतून तरी आजच काढा.

तुमची नेहमीची वाचक