सर्टिफिकेट खरं आहे हे तपासायचे पैसे पोरांनी का भरायचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी बरीच वर्षं आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडला निदेशक होतो, आता रिटायर झालोय, तरी जुनी पोरंपोरी कुठं अडली की फोन करतात. मागच्या महिन्यात अशीच एक विद्यार्थिनी घरी आली, आली तीच रडवेली होऊन. तिनं आयटीआयनंतर एक शॉर्ट टर्म कोर्स केलाय, त्याचं सर्टिफिकेट डिजिटल आहे, ब्लॉकचेनवर (म्हणजे अनेक कॉम्प्युटरवर एकाच वेळी ठेवलेली, सहजासहजी बदलता न येणारी नोंदवही) नोंदवलेलं, खाली क्यूआर कोड वगैरे सगळं. चाकणच्या एका नोकरीसाठी तिनं प्लेसमेंटवाल्यांकडे फॉर्म भरला. तिथं कागदपत्रं आता माणूस बघत नाही, एआय एजंट, म्हणजे स्वतःहून काम उरकणारा सॉफ्टवेअर प्रोग्राम, बघतो. त्या एजंटनं कळवलं की नोंद जुळत नाही, सर्टिफिकेट अमान्य, फेरतपासणी हवी असेल तर ११८ रुपये भरा. पोरीनं भरले. परत तेच उत्तर आलं. "सर, मी खोटं सर्टिफिकेट दिलं असं त्यांना वाटत असेल का हो?" हे तिचं वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

मी तिला म्हटलं, तू पाठवलेली फाइल दाखव बघू. तेव्हा खरं काय ते कळलं. फॉर्मवर अट होती की पीडीएफ ५०० केबीच्या आत पाहिजे, म्हणून तिनं तालुक्याला नेट कॅफेत जाऊन दहावीचं मार्कलिस्ट आणि हे सर्टिफिकेट एकाच फाइलमध्ये जोडून घेतलं आणि वरून कॉम्प्रेस करून घेतलं. बघायला सगळं तेच, नाव तेच, ग्रेड तीच, सही तीच. पण ब्लॉकचेनवर सर्टिफिकेट स्वतः ठेवलेलं नसतं, तिथं असतो फक्त त्या फाइलचा हॅश, म्हणजे गणितानं काढलेला अंगठ्याचा ठसा म्हणा. एसएचए-२५६ पद्धतीनं काढला की तो ६४ अक्षर-आकड्यांचा येतो आणि फाइलमध्ये एक टिंब जरी इकडचं तिकडं झालं तरी सगळाच्या सगळा बदलतो. कॉम्प्रेस केली की ठसा गेला, प्रिंट काढून स्कॅन केलं तरी गेला. पोरगी खरी, सर्टिफिकेट खरं, फाइल तेवढी बदललेली, आणि ती बदलायला लावणारी अट त्यांच्याच फॉर्मवर!

मग तिच्या मेलमध्ये शोधत बसलो. कोर्सवाल्यांनी पाठवलेली मूळ फाइल सापडली, १ एमबीच्या वर होती, ती त्यांच्याच तपासणीच्या पेजवर टाकली आणि चहा गाळून होईपर्यंत हिरवी टिक आली, एक पैसा न भरता.

आता हे पैशाचं प्रकरण नेमकं काय आहे ते मी माझ्या भाच्याकडून समजून घेतलं, तो याच लाइनमध्ये आहे. एआय एजंटला बाहेरची टूल्स, म्हणजे एकेक काम करून देणारी सॉफ्टवेअरं, जोडायची एमसीपी नावाची पद्धत अँथ्रोपिक कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली, आणि मे २०२५ मध्ये कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीनं नेटवरच पैसे भरायची एक्स४०२ नावाची पद्धत आणली. वेबवर ४०२ नंबरचा कोड पहिल्यापासून राखून ठेवलेला होता, त्याचा अर्थ 'आधी पैसे भरा', पण तो फारसा कुणी वापरत नव्हतं. आता त्याच्या जोरावर एजंट स्वतःच डिजिटल डॉलरमध्ये, म्हणजे डॉलरच्या किमतीला बांधलेल्या क्रिप्टो नाण्यात, दर वेळेचे थोडे थोडे पैसे भरतो आणि टूलकडून उत्तर घेतो, मध्ये माणूस लागत नाही. सर्टिफिकेट तपासणारं टूलसुद्धा असं विकता येतं. माझा त्याला विरोध नाही. एखाद्या कंपनीला रोज हजारो सर्टिफिकेटं तपासायची असतील, ती पण वेगवेगळ्या ब्लॉकचेनवरची, तर तिनं खुशाल पैसे देऊन टूल वापरावं, सोय तिची तर खर्चही तिचाच. पण सार्वजनिक ब्लॉकचेनवरची नोंद वाचायला चेन पैसे मागत नाही, फी लागते ती नोंद लिहिताना, आणि ती सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेनं एकदा भरलेली असते. मग नोकरी शोधणाऱ्या पोरीच्या खिशातून ११८ रुपये कशाचे काढले? तिच्या बसच्या आठवड्याच्या भाड्याचे पैसे होते ते.

आपल्या राज्यात हे काही लांबचं राहिलेलं नाही. कौशल्य विकास मंडळानं २०२१ मध्ये ब्लॉकचेनवर सर्टिफिकेट द्यायचं ठरवलं, २०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीला ६५ हजार जात प्रमाणपत्रं पॉलिगॉन नावाच्या चेनवर नोंदवायचं काम हाती घेतलं. म्हणजे ज्यांच्याकडं मोबाइलला रेंज मिळायची मारामार त्या घरांची कागदपत्रं यात आहेत. केंद्रानं नॅशनल अॅकॅडमिक डिपॉझिटरी (शैक्षणिक सर्टिफिकेटांचं ऑनलाइन भांडार) २०२० मध्ये डिजिलॉकरवर आणली तेव्हा युजर चार्ज लावायचा नाही असंच ठरवलं ना, मग तोच नियम इथंही पाहिजे. ज्याच्या नावाचं सर्टिफिकेट आहे त्याच्याकडून तपासणीचा छदामही घ्यायचा नाही, हे टेंडरमध्येच लिहून टाका.

आणि दुसरी गोष्ट, जी मला पैशापेक्षा जास्त खटकते. एजंटनं नुसतं 'अमान्य' म्हणून चालणार नाही. ठसा जुळला नाही, ही एक गोष्ट झाली. सर्टिफिकेट संस्थेनं नंतर रद्द केलं, ही वेगळी. नोंद चेनवरच्या ज्या पत्त्यावरून, म्हणजे खात्यावरून, झाली तो त्या संस्थेचाच नाही, म्हणजे कुणीतरी भलत्यानंच चढवलंय, ही तिसरी, आणि खरी फसवणूक असली तर ती इथं. या तिन्हीला एकच शब्द वापरला की फाइल कॉम्प्रेस करणारी पोरगी आणि बनावट सर्टिफिकेट विकणारा भामटा एकाच रांगेत उभे राहतात. उलट बाजूही तशीच, हिरवी टिक आली म्हणजे फाइल बदललेली नाही एवढंच कळतं, पोराला वेल्डिंग येतं का ते चेनला ठाऊक नसतं, त्याला मशीनवर उभंच करावं लागतं.

तेव्हा माझी विनंती अशी की पैसे घेऊन तपासणाऱ्यांनी उत्तराबरोबर कुठल्या चेनवर, कुणाची नोंद, काय जुळलं नाही हे उमेदवाराला लेखी द्यावं आणि नाकारायच्या आधी माणसानं एक फोन करावा. फॉर्मवरची ती केबीची अट अशा सर्टिफिकेटांसाठी काढून टाकावी. आणि कोर्सवाल्यांनी सर्टिफिकेट पाठवताना त्याच मेलमध्ये ठळक मराठीत लिहावं, की ही फाइल आहे तशी जपून ठेवा, जोडू नका, कॉम्प्रेस करू नका.

त्या पोरीची मूळ फाइल आम्ही प्लेसमेंटवाल्यांना मेल केलीय, दोनदा. अजून उत्तर नाही. ११८ रुपयेही परत आलेले नाहीत.

आपला,
एक निवृत्त आयटीआय निदेशक,
सांगली जिल्हा